वाचकांचे प्रश्न : पडवीत उभी राहिलेली आजोबांची फियाट

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा डोकावतो आहे. आजोबांची, मामांची किंवा सासऱ्यांची जुनी मोटार वारसाने आपल्याकडे आली आहे, ती भंगारात घालण्याचा धीर होत नाही आणि घराशेजारच्या शेडमध्ये ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी असे मनात आहे, असे अनेकांनी लिहिले आहे. बहुतेक पत्रे फियाट ११०० आणि तिच्या पुढच्या अवतारांविषयी आहेत, आणि त्यात नवल नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघाली आणि डॉक्टर, वकील, बागायतदार, मुख्याध्यापक अशा मराठी घरांच्या दारात दोन पिढ्या उभी राहिली. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे, बॉनेट उघडल्यावर प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचतो, आणि १९७४ नंतरच्या पद्मिनीतही इंजिन त्याच घराण्याचे राहिल्यामुळे अनेक सुटे भाग आजही मिळतात. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सी सांभाळणारे जुने कारागीर अजून आपल्यात आहेत. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आजोबांनी १९६७ मध्ये घेतलेली फियाट ११०० डिलाइट सुमारे एकोणीस वर्षे आमच्या मागच्या पडवीत उभी आहे. मी शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. पण स्कूटरचे इंजिन घरी उघडून जोडले आहे. पाने, जॅक, ड्रिल आणि वेल्डिंगचे लहान यंत्र माझ्याकडे आहे. नवी बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून पाहा, असे मित्र म्हणतात. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, वाई

उत्तर : बॅटरी इतक्यात आणू नका. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात प्रत्येक पावसाळ्याची दमट हवा शिरलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. अशा वेळी सेल्फ मारला की त्याचा सगळा जोर त्या चिकटलेल्या रिंगेवर येतो. पंचवीस वर्षांपूर्वी एका नातेवाइकांच्या अशाच गाडीवर मी ही घाई केली होती. तिसऱ्या सिलिंडरची रिंग तुटली, भिंतीवर नखाला लागेल अशी रेघ उठली आणि बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून रुंद करून, मोठ्या मापाचे पिस्टन बसवण्याखेरीज उपाय उरला नाही. आठवडाभर थांबलो असतो तर ते इंजिन मूळच्या पिस्टनवर चालले असते, ही रुखरुख मला अजून आहे.

पहिल्या आठवड्यात पान्याला हातही लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एक जाड वही घ्या आणि गाडी जशी आहे तशी नोंदवा. इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक आणि बॉनेटखालच्या पट्टीवरचा मजकूर लिहून घ्या. प्रत्येक वायर कुठून निघून कुठे जाते, दरवाजाच्या बिजागरीखाली पातळ पत्र्याचे किती तुकडे घातले आहेत, कार्ब्युरेटरच्या दांड्यांना कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे, या सगळ्याची छायाचित्रे दोन-दोन बाजूंनी काढा. ग्लोव्ह बॉक्समधले आणि सीटखालचे कागद फेकू नका; पेट्रोलच्या जुन्या पावत्या आणि गॅरेजची बिले यांवरून शेवटचे काम कधी व कशाचे झाले ते कळते. घरातल्या वडीलधाऱ्यांना गाडीजवळ बसवून विचारा की ती शेवटची बंद का पडली. काही त्रासाने बंद पडली की केवळ वापर थांबल्यामुळे उभी राहिली, या एका उत्तरावर पुढचे अर्धे काम ठरते. पुढे उघडताना प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, आत चिठ्ठी घालून ठेवा. फियाटचे आटे मेट्रिक मापाचे आहेत. जुन्या इंग्रजी वळणाच्या गाड्यांचे इंचाचे पाने तिला वापरले तर बोल्टचे कोपरे गोल होतात आणि मग साधे काम छिन्नीवर जाते.

त्यानंतर इंजिन मोकळे करणे. चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण दोन-तीन मोठे चमचे सोडा. दोन दिवसांनी पुन्हा सोडा. आठ दिवस झाल्यावर पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे जोर द्या. एखाद्या अंशानेही फिरले तर समाधान माना, परत तेल सोडा आणि दुसऱ्या दिवशी या. पूर्ण फेरा सुटायला कधी पंधरा दिवस लागतात. पान्यावर उभे राहून किंवा पाइप लावून जोर देण्याचा मोह आवरा, कारण जे हाताने सुटत नाही ते हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडून, डोळ्यांनी पाहून सोडवायचे असते. इंजिन मोकळे फिरू लागले की जुने ऑइल काढा, तळाशी पाणी किंवा धातूचा चुरा आला का ते पाहा, आणि नवे ऑइल भरा.

इथे बहुतेक जण चुकतात. इंजिन फिरू लागल्यावर ते सुरू करण्याची ओढ लागते, पण मधे ब्रेक येतात, आणि माझ्या मते ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी पूर्ण झाले पाहिजे. सुरू झालेली गाडी अंगणात दोन फूट तरी पुढे घ्यावीशी वाटणारच, आणि त्या दोन फुटांत भिंत किंवा लहान मूल असू शकते. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची वाट आहे; एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून मास्टर सिलिंडरची आणि चाकांवरच्या सिलिंडरांची सगळी रबरे, तसेच लवचीक नळ्या, चांगल्या दिसत असल्या तरी बदला. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील तर तो सिलिंडरच बदला. ही रबरे पेट्रोल, केरोसीन किंवा इंजिन ऑइल लागले की फुगतात. ती नव्या ब्रेक ऑइलनेच धुवावीत. ड्रममधली धूळ फुंकर किंवा हवा मारून उडवू नका, कारण त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके बांधून टाकून द्या. शेवटी ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या मागच्या चाकापासून सुरुवात करा.

टाकीतले पेट्रोल आता पेट्रोल राहिलेले नसते. ते काढून टाका आणि पहिल्यांदा सुरू करताना टाकी वगळून लहान डब्यातून थेट पंपाला नळी द्या, नाहीतर टाकीतला गंज आणि डिंक कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. डेल्कोचे, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून फट सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने आहेत का ते तपासा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलताना कुणीतरी क्रम चुकवलेला मी अनेकदा पाहिला आहे. मग आता बॅटरी आणा. प्लग काढलेलेच ठेवून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत सेल्फने इंजिन फिरवा. दिवा विझला, म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचले, की प्लग लावून सुरू करा. पडवीचे दार सताड उघडे ठेवा, कारण बंद जागेत सायलेन्सरचा धूर माणसाला झोपेसारखा घेऊन जातो. ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्या.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत आधी लिहायला हवी होती. गाडीखाली शिराल तेव्हा ती जॅकवर कधीही नसावी. लोखंडी घोड्या (जॅक स्टँड) आणा आणि त्यांवर गाडी टेकवा. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे रचून गाडी टेकवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते ठोकळे आधी कसलीही खूण न देता एकदम फुटतात.

प्रश्न : आमच्या गाडीला गावात सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. गाडी १९७१ ची आहे. हे नाव बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रेमाने म्हणायला हरकत नाही, पण ते नाव १९५० च्या दशकातल्या गोलसर पाठीच्या फियाटचे आहे. तिच्या पुढच्या दरवाजांची बिजागरी मधल्या खांबावर असते, म्हणून ते दरवाजे उलटे उघडतात. आपली १९७१ ची गाडी डिलाइट असावी. सुटे भाग मागताना गावातले नाव न सांगता बॉनेटखालच्या पट्टीवरचे सांगा.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. फियाटच्या दरवाजाखालचा लांब पत्रा आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर गंजला आहे. गॅरेजवाले म्हणतात की वरून पत्रा ठोकून लांबी (पुटी) भरून देतो, दोन दिवसांचे काम आहे. घरी काही करता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पत्रा ठोकून वर लांबी भरणे म्हणजे जखमेवर कागद चिकटवणे आहे, आणि या गाडीत ते धोक्याचेही आहे. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चॅसिस असते आणि वरची बॉडी तिच्यावर ठेवलेली असते. फियाट ११०० चे तसे नाही. तिची बॉडी हीच तिची चॅसिस आहे. दरवाजाखालचा तो लांब, पोकळ पत्रा गाडीचा कणा आहे; पुढची चाके आणि मागचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामधला भार तो आणि फ्लोअर मिळून पेलतात. तो कुजला की दरवाजे बसकन मारतात, बंद करताना उचलून घ्यावे लागतात, आणि खड्ड्यात गाडी गेली की पुढची काच कोपऱ्यात तडकते. ही लक्षणे आपल्याकडे असतील तर गंज दिसतो त्यापेक्षा खोल गेला आहे असे समजा.

आधी नुकसान किती आहे ते मोजा. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आधीच कुणीतरी लांबी भरलेली आहे. मग जाड स्क्रू-ड्रायव्हरने दरवाजाखालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिक्कीत स्टेपनीखालचा भाग टोचून पाहा. टोक आत गेले तर तिथला पत्रा संपला. वाईट वाटते, पण रंगाखाली दडलेले भोक आज कळलेले बरे. सापडलेली प्रत्येक जागा खडूने आखून वहीत मापासह उतरवा, कारण वेल्डरशी बोलताना हा नकाशाच आपली बाजू मांडतो.

कणा बदलण्याचे काम आपल्या लहान वेल्डिंग यंत्रावर करू नका, असे मी सांगेन. ते चांगल्या बॉडीवाल्याकडून करून घ्या, मात्र समोर उभे राहून दोन गोष्टी पाहा. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या टाकून ती घट्ट केली आहे ना, आणि एक बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरी कापली जात नाही ना. ही काळजी घेतली नाही तर बॉडी वाकते आणि पुढे कितीही ठोकले तरी दरवाजाची फट सारखी येत नाही. नवा पत्रा आतून उघडा ठेवू नका. जोडण्याआधी आतल्या बाजूला जस्ताचा प्रायमर लावा आणि रंगकाम संपल्यावर पोकळीत मेण मिसळलेले तेल फवारा. खालची पाणी जाण्याची भोके नव्या पत्र्यात पाडायला बहुतेक कारागीर विसरतात, आणि कोकणात त्यावाचून चार पावसाळ्यांत पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल.

सुट्या भागांचा गंज मात्र आपण घरी उत्तम काढू शकता, आणि त्यासाठी आम्लाची गरज नाही. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी घ्या आणि दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेला भाग पाण्यात टांगा आणि बॅटरी चार्जरची उणे बाजू त्याला जोडा. अधिक बाजू लोखंडाच्या भंगार पट्टीला जोडून ती पट्टी टबात समोर, भागाला न टेकेल अशी ठेवा. चार्जर सुरू केला की बुडबुडे येऊ लागतात आणि रात्रभरात गंज सैल होऊन ब्रशने निघून जातो. खालचा चांगला धातू झिजत नाही, हा या रीतीचा मोठा गुण आहे. अधिक बाजूला स्टेनलेस स्टीलचे भांडे किंवा चमचा कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून टब उघड्यावर ठेवा, जवळ विडी-काडी नको, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि कार्ब्युरेटर यात घालू नका. ते विरघळू लागतात. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्टही नकोत, कारण हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. भाग बाहेर काढल्यावर धुऊन लगेच उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. आपल्याकडच्या हवेत एक रात्र उघडा राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली दिसेल.

प्रश्न : सासऱ्यांची १९६९ ची फियाट माझ्या पतीकडे आली. सासरे २०११ मध्ये गेले. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून घ्यावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी मालकी आणि मग व्हिंटेज, हा क्रम ठेवा. नियमानुसार मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये मालकी बदलासाठी अर्ज करायचा असतो. ही मुदत केव्हाच उलटली आहे, त्यामुळे दंड भरावा लागेल, पण मार्ग बंद झालेला नाही. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक, वारसाचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची लेखी ना हरकत ही कागदपत्रे जमवा. यातली ना हरकत सर्वांत जास्त वेळ घेते. नणंदा-दिरांची संमती गाडीवर खर्च करण्याआधी मिळवा, कारण दुरुस्त होऊन चमकू लागलेल्या गाडीवर घरात नवे हक्क उगवतात आणि मग माणसे दुखावतात. इतक्या जुन्या गाडीची माहिती संगणकावर चढवलेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर कार्यालयात आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते.

व्हिंटेजविषयी सांगायचे तर संग्राहकांच्या भाषेत हा शब्द साधारण १९१९ ते १९३० च्या गाड्यांसाठी राखलेला आहे आणि आपली गाडी क्लासिक ठरते. परंतु केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नंतरच्या नोंदणीचे पाच हजार आणि मुदत दहा वर्षे आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती चालवायची असते. दर रविवारी मुलांना घेऊन येऊरपर्यंत जावे असे आपल्या मनात असेल तर व्हिंटेज नोंदणी आपल्या कामाची नाही. साधी खासगी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवा. दोन्हीपैकी काय करायचे ते ठरेपर्यंत इंजिन बदलणे किंवा गिअर स्टिअरिंगवरून खाली आणणे असले काही करू नका. तसे केले तर व्हिंटेजचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो.

प्रश्न : दुरुस्त केलेली पद्मिनी दीड वर्ष छान चालली. आता पेट्रोलचा वास येतो, पंप गळतो आणि सकाळी सुरू व्हायला त्रास होतो. हा नव्या पेट्रोलचा परिणाम आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा होय. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि आपल्या गाडीची रबरे त्या काळी इथेनॉलचा विचार करून बनवलेली नव्हती. पंपाचा पडदा, नळ्या आणि बुचाची गॅस्केटे त्याने फुगतात किंवा चिरतात. वास येतो आहे तोवर गाडी चालवू नका. पंप इंजिनाला लागून आहे आणि गळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडायला वेळ लागत नाही. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, पंपाला नवा पडदा संच बसवा आणि पंपाआधी काचेचा लहान फिल्टर लावा, म्हणजे टाकीतून काय येते ते डोळ्यांना दिसेल. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि पाणी वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. तिथूनच गंज सुरू होतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. याच ओघात रेडिएटरमध्येही बोअरचे पाणी नको. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि क्षारयुक्त पाणी ते आतून खाते. गंजरोधक कूलंट वापरा.

प्रश्न : आईच्या वडिलांची १९६६ ची डिलाइट यांत्रिकदृष्ट्या तयार झाली आहे. रंग मूळचा, फिकट निळा आहे. छपरावर विटला आहे, दोन ठिकाणी प्रायमर दिसतो. घरात मतभेद आहेत. भाऊ म्हणतो की संपूर्ण रंग काढून चकचकीत लाल करू. मला तसे वाटत नाही, पण कारण नीट सांगता येत नाही. आपले मत काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : माझे मत आपल्या बाजूने आहे आणि कारण सांगतो. सीट पुन्हा शिवता येते, पिस्टन नवे मिळतात, बंपरवर क्रोम चढवता येतो. पण कुर्ल्याच्या कारखान्यात १९६६ मध्ये चढलेला रंग एकदाच असतो. तो खरवडून काढला की परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये जी ट्युरिन सनद स्वीकारली तिचे सूत्रही हेच आहे की आधी जपावे, मग लागेल तेवढेच दुरुस्त करावे, आणि जे केले त्याची नोंद ठेवावी. ट्युरिन हे फियाटचे जन्मगाव आहे, त्यामुळे आपल्या गाडीला ती सनद दुप्पट लागू पडते असे मला वाटते.

भावाची बाजूही मी समजू शकतो. त्याला गाडी देखणी दिसावीशी वाटते आणि त्यात त्याचेही आजोबांवरचे प्रेम आहे. त्याला एक प्रयोग करून दाखवा. दरवाजाच्या एका वीतभर चौकोनात आधी साबणाच्या पाण्याने, मग अगदी सौम्य रबिंग कंपाउंडने हाताने, यंत्राशिवाय, घासा आणि वर मेण लावा. वर्षानुवर्षे साचलेला मळ आणि मेलेला थर निघाला की खालचा निळा रंग असा उजळतो की बहुतेक वेळा वाद तिथेच थांबतो. कडांवर मात्र घासू नका. तिथे रंग आधीच पातळ असतो आणि क्षणात प्रायमर दिसू लागतो. ज्या दोन ठिकाणी प्रायमर उघडा आहे तिथे गंज थांबवणे आवश्यक आहे. तेवढ्याच जागी गंज साफ करून, प्रायमर मारून, जुळता रंग लावा. रंगाचा नमुना छपरावरून घेऊ नका, ते उन्हाने विटलेले आहे; ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागचा किंवा डिक्कीच्या रबराखालचा रंग खरा असतो.

छप्पर फारच गेले असेल आणि पूर्ण छपराला रंग द्यायचा ठरला तर दोन सूचना. ड्युको पद्धतीचा, म्हणजे हार्डनरशिवाय वाळणारा जुन्या वळणाचा, रंग दमट हवेत मारला की वाळताना त्यावर पांढरट धूसर थर येतो, म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हे काम काढू नका. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस पुण्याला उत्तम. आणि हार्डनर मिसळून मारायचे आजकालचे दोन घटकांचे रंग घरी फवारू नका. त्यांच्या तुषारांत आयसोसायनेट असते, ते फुप्फुसांना कायमची इजा करते आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. तो रंग हवाच असेल तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या रंगकाम केंद्रातच द्या.

आपण पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात डिक्कीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली आकड्यांची उतरंड दिसते. ती बहुधा ऑइल बदलल्याची किलोमीटरची नोंद आहे आणि अक्षर आपल्या आजोबांचे असावे. आईंना दाखवून खात्री करून घ्या. बाहेरून गाडीचे काहीही ठरले तरी त्या झाकणाच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर, कंपाउंड किंवा पेट्रोलचे फडके लावू देऊ नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा आणि पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा त्याखाली आपला आकडा पेन्सिलीनेच लिहा.